स्ट्रोकनंतर हातासाठी व्हीआर गेम: गुण कशाचे मिळतात ते आधी बघा

२०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये ‘एव्हरेस्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंड इथल्या १४ केंद्रांमधले १४१ पेशंट, सगळ्यांना स्ट्रोक येऊन तीन महिनेही झालेले नव्हते. एका गटाला व्हीआर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी जगातले खेळ, निन्टेन्डो वी या यंत्रावर खेळायला बसवलं, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असे साधे खेळ दिले. नेहमीची थेरपी दोघांची चालूच होती, त्यात दोन आठवड्यांत तासतासभराच्या १० सत्रांची भर. शेवटी हाताची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात फरक नव्हता.

यावरून ‘व्हीआरचा काही उपयोग नाही’ असं बरेच जण म्हणतात. मला त्यातला दुसरा अर्थ जास्त कामाचा वाटतो: पत्ते वाटणाऱ्या आणि जेंगाचे ठोकळे काढणाऱ्या हातालाही तेवढंच काम पडलं होतं. २०१७ साली नॉर्वे, डेन्मार्क आणि बेल्जियममध्ये १२० पेशंटवर झालेल्या ‘व्हर्च्यूज’ चाचणीतही तेच दिसलं. चार आठवड्यांत १६ सत्रं, एकीकडे व्हीआर, दुसरीकडे तेवढाच वेळ नेहमीची थेरपी, आणि सुधारणा सारखीच. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ७२ चाचण्या होत्या. थेरपीचा वेळ काढून तो व्हीआरला दिला तर हातात फरक दिसत नव्हता. थेरपी तशीच ठेवून वर व्हीआरची भर घातली तर दिसत होता. २०२५च्या आढाव्यात चाचण्यांची संख्या १९० झाली. आता व्हीआरऐवजी दिलेल्या दुसऱ्या थेरपीच्या तुलनेतही हाताला थोडा फायदा दिसतो. थोडाच, पण दिसतो.

म्हणून पहिली गोष्ट: फिजिओथेरपी बंद करून डोक्यावर घालायचा व्हीआर हेडसेट घेऊ नका. हेडसेट वाढीव तासासाठी आहे.

वाढीव तासाची गरज का पडते, तेही आकड्यांत बघू. २००९ सालच्या एका अभ्यासात थेरपीची सत्रं प्रत्यक्ष बसून मोजली, तेव्हा हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला काहीशे आवर्तनं लागली होती. ही दरी गेमने भरता येते, कारण काठी दोनशे वेळा सरकवायचा कंटाळा येतो आणि फुगे दोनशे वेळा फोडायचा तेवढा येत नाही. पण नुसता आकडा वाढवूनही भागत नाही. २०१६ साली जुना स्ट्रोक असलेल्या ८५ जणांना ३२००, ६४००, ९६०० किंवा त्याहून जास्त आवर्तनं करायला लावली. जास्त केली म्हणून जास्त सुधारणा, असं झालं नाही. आवर्तनं कसली होती, हा प्रश्न उरतोच.

या विषयातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: गेम ज्या हालचालीला गुण देतो तीच हालचाल मेंदू पक्की करतो. हेडसेटला फक्त हातात धरलेला कंट्रोलर कुठे पोचला ते कळतं. तो कोपर सरळ होऊन पोचला की कंबरेतून पुढे झुकून, हे त्याला दिसत नाही. दोन्हीला १० गुणच मिळतात.

कोणता हात, कोणता गेम

सुरुवातीला दोन हालचाली बघा: हात खांद्यातून बाजूला उचलता येतो का, आणि बोटं थोडी तरी उघडतात का. नेदरलँड्समधल्या २०१०च्या अभ्यासात, स्ट्रोकनंतर तीन दिवसांच्या आत या दोन्ही हालचाली थोड्या जरी असल्या तर सहा महिन्यांनी हाताने काहीतरी काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही नसतील तर २५ टक्के. नंतरच्या काळातही गेम निवडताना याच दोन खुणा उपयोगी पडतात.

हात अजिबात हलत नसेल तर बाजारातले साधे व्हीआर गेम त्याच्यासाठी नाहीत. तिथे मिरर थेरपी (आरशात चांगला हात बघून करायचा सराव), इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, किंवा चांगल्या हाताची हालचाल पडद्यावर दुबळ्या हाताची म्हणून दाखवणारं खास सॉफ्टवेअर लागतं. खांदा आणि कोपर थोडे हलतात पण मूठ उघडत नाही, अशा हाताला पोचण्याचे गेम द्या: समोर येणाऱ्या वस्तूला फक्त स्पर्श करायचा, पकडायची नाही. बोटं उघडत असतील तर चिमटीचे आणि पकडून सोडण्याचे गेम. ‘सोडणं’ मुद्दाम लिहिलं. स्ट्रोकनंतर मूठ वळणं लवकर येतं, उघडणं उशिरा. नुसत्या पकडण्याला गुण देणारा गेम तासभर खेळला तर हात आणखी मिटतो.

वेगाचं भान ठेवणं फार गरजेचं आहे. ताठरलेला स्नायू झटक्याने ताणला की उलट आवळतो आणि जितका झटका मोठा तितकं आवळणं जास्त. स्पास्टिसिटीचा, म्हणजे या ताठरपणाचा, स्वभावच तो. त्यामुळे ‘बीट सेबर’सारखा गाण्याच्या तालावर झपाझप वार करायचा गेम ताठर हाताला पाच मिनिटांत कोपरातून वाकवून ठेवतो, बोटंही मिटतात. बघणाऱ्याला वाटतं हात किती जोरात चाललाय. तो गेम ज्यांच्या हातात ताठरपणा जवळजवळ नाही त्यांच्यासाठी ठेवा, आणि तेव्हाही गाणं संथ करण्याची आणि चुकलं तरी गेम न थांबण्याची सोय चालू करून. सुरुवातीला ‘क्युबिझम’सारखं कोडं बरं: ठोकळे हवेत स्थिर असतात, चिमटीने उचलायचे, फिरवायचे, बसवायचे, घाई कुणीच करत नाही. ‘हॅन्ड फिजिक्स लॅब’मध्ये बोटांनी करायच्या छोट्या कृती आहेत, त्यातल्या काही फार किचकट आहेत, त्या सरळ सोडून द्या.

गेम पेशंटला देण्याआधी घरच्याने स्वतः खेळून बघावा आणि चार प्रश्न विचारावेत. हा बसून खेळता येतो का? एका हाताने येतो का? पायाखालची जमीन हलते का? हरल्यावर तो काय करतो? जमीन हलत असेल तर चक्कर आणि मळमळ येणार, कारण डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कान सांगतात आपण बसलोय. छोट्या मेंदूच्या किंवा ब्रेनस्टेमच्या (मेंदूच्या देठाच्या) स्ट्रोकनंतर हे जास्त जाणवतं. आणि चुकल्यावर कर्कश आवाज करून लाल पडदा दाखवणारा गेम माणसाला दोन दिवसांत नकोसा होतो.

हेडसेट डोक्यावर घालण्याआधी

मेंदूची सूज उतरवण्यासाठी कवटीचं हाड काढलेलं असेल आणि परत बसवलं नसेल, तर हेडसेट घालायचा नाही. त्याचा पट्टा नेमका तिथेच दाब देतो. मेंदूतलं पाणी उतरवणारा शंट असेल तर त्याची झडप चुंबकाने बदलणारी आहे का ते न्यूरोसर्जनला विचारा. हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असतात. पेसमेकरवाल्यांनीही आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारायचं. स्ट्रोकनंतर फिट आली असेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या परवानगीशिवाय नाही. रक्तदाबाची मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती लिहून मिळेपर्यंत बसल्या जागी १८०/११०च्या वर असेल तर त्या दिवशी खेळ नाही.

खांदा उतरलेला असतो, बऱ्याच जणांचा. खांद्याच्या टोकाखाली बोट रुतेल अशी खाच लागते. अशा हाताला कंट्रोलरचं वजन लटकवून हवेत खेळायला लावलं तर सांधा आणखी खाली ओढला जातो. कंट्रोलर सेलसकट सव्वाशे ते दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. निरोगी हाताला जाणवतही नाही, दुबळ्या खांद्याला दहा मिनिटांत जाणवतो. असा हात टेबलावर टेकवूनच खेळवायचा.

घाईबद्दल एक इशारा. २००९च्या ‘व्हेक्टर्स’ चाचणीत स्ट्रोकनंतर साधारण दहाव्या दिवसापासून ५२ जणांच्या हातांना सराव दिला होता. ज्यांना सगळ्यात जास्त तास दिले त्यांचा हात ९० दिवसांनी बाकीच्यांपेक्षा कमी सुधारला होता. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे गणित चालत नाही. थेरपिस्टने सांगितलेल्या वेळेतच राहा. उलट, जुन्या स्ट्रोकच्या बाबतीत ‘सहा महिने झाले, आता काय होणार’ हेही खरं नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत ९० तासांचा हाताचा कार्यक्रम चालतो. तिथल्या २२४ पेशंटचे आकडे २०१९ साली छापले गेले, त्यांतल्या बहुतेकांचा स्ट्रोक जुना होता. हात लक्षणीय सुधारले आणि सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही ती सुधारणा टिकून होती.

मांडणी

खुर्ची चार पायांची, बिनचाकांची, पाठ सरळ असलेली. प्लास्टिकची बागेतली खुर्ची नको, ती मागे झुकते आणि हात टेकायच्या दांड्या आड येतात. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. पोचत नसतील तर पाट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीला. सनमायकाच्या टेबलावर हाताखाली सुती रुमाल घातला की हात सहज सरकतो. घामाने चिकटत असेल तर चिमूटभर टाल्कम पावडर. टेबल काचेचं किंवा फार चकाकणारं असेल तर वर चादर टाका, नाहीतर हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. खोलीत ट्यूबलाइटचा उजेड पुरेसा असतो. मंद उजेडात हात ओळखले जात नाहीत, आणि थेट ऊन भिंगांवर पडलं तर काही क्षणांत आतला पडदा जळतो, त्यामुळे हेडसेट खिडकीत ठेवायचा नाही.

मेटा कंपनीचा क्वेस्ट २ किंवा क्वेस्ट ३ हेडसेट ५०० ग्रॅमच्या थोडा वर आहे आणि बरंचसं वजन पुढे असतं. सोबत येणारा मऊ पट्टा घट्ट आवळला की गालांवर दाब पडतो, सैल ठेवला की हेडसेट नाकावर घसरतो आणि मान पुढे जाते. मागे चक्री असलेला कडक पट्टा वेगळा घ्यावा, तो खर्च वसूल होतो. भिंगांमधलं अंतर डोळ्यांशी जुळवा: क्वेस्ट २ वर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत, क्वेस्ट ३ वर चाक फिरवून हळूहळू कमीजास्त करता येतं. हे न जुळवता डोकं दुखलं की दोष व्हीआरला जातो. चष्मा असेल तर भिंगं आणि चष्मा घासणार नाहीत एवढी जागा सोडा. भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसायची, सॅनिटायझर लावायचं नाही. केसांना तेल लावायचं असेल तर सत्र झाल्यावर.

हेडसेटच्या सेटिंगमध्ये बसून खेळायची सीमा निवडा, आणि पेशंटला जे दिसतं ते फोनवर किंवा टीव्हीवर दिसेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा. ती नसेल तर ‘कुठे दाबू?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. हेडफोन लावू नका, तुमचा आवाज कानावर पडायला हवा.

दृश्य मध्यभागी आणायचं बटण उजव्या कंट्रोलरवर असतं, ते दाबून धरायचं. उजवी बाजू दुबळी असेल तर हे काम सोबतच्या माणसाने करावं. आणि ते करताना पेशंट ताठ बसलेला हवा. तो डावीकडे कलून बसलेला असताना मध्य ठरवला तर पुढची सगळी निशाणं त्या कलण्याला धरून येतात, आणि अर्धा तास तो तसाच कलून खेळतो.

कंट्रोलर की मोकळा हात, हेही ठरवावं लागतं. मोकळ्या हाताने खेळणं जास्त चांगलं, पण मूठ मिटलेली आणि अंगठा आत असेल तर कॅमेऱ्याला बोटं दिसत नाहीत आणि पडद्यावरचा हात गायब होतो. बांगड्या, घड्याळ, मनगटावर आलेल्या बाह्या यांनीही तेच होतं. सगळं काढा किंवा वर सरकवा. तरी जमत नसेल तर कंट्रोलर तळहातात ठेवून साडेसात सेंटिमीटर रुंदीच्या क्रेप बँडेजचे दोन-तीन सैलसर वेढे द्या. क्वेस्ट २ च्या कंट्रोलरचं गोल कडं झाकू नका, कारण त्यातले इन्फ्रारेड दिवे कॅमेरा बघत असतो. मनगट खाली पडत असेल तर आधी कॉक-अप स्प्लिंट (मनगट वर धरून ठेवणारी पट्टी), मग बँडेज. दर पाच मिनिटांनी नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर वेढे सैल करा. स्ट्रोकच्या हाताला बऱ्याचदा स्पर्श कमी कळतो, त्यामुळे ‘दुखत नाही ना?’ एवढं विचारून थांबू नका.

पाठ

हातातून पोचता येत नसेल तर माणूस कंबरेतून पुढे झुकतो, खांदा कानाकडे उचलतो, कोपर बाजूला काढतो. हे तो आळसाने करत नाही. त्याच्या मेंदूला समोरची वस्तू गाठायची असते आणि उरलेल्या वाटांपैकी जी सोपी ती मेंदू घेतो. घरात पाण्याचा पेला गाठायला ते ठीकच आहे. पण सरावात तीच वाट रोज तीनशे वेळा घेतली तर कोपर सरळ करायची वेळच येत नाही. व्हीआरमध्ये हे जास्त होतं, कारण हेडसेट घातल्यावर स्वतःचं शरीर दिसत नाही. शिवाय आतल्या अंतराचा अंदाज चुकतो: पडदा डोळ्यांसमोर ठरावीक ठिकाणी असतो आणि वस्तू जवळ किंवा लांब भासते, त्यामुळे वस्तूपर्यंत नीट पोचायला हात जास्त चाचपडतो.

उपाय साधे आहेत. टॉवेलची गुंडाळी करून पाठीचा मधला भाग आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये ठेवा. पाठ सुटली की गुंडाळी घसरून खाली येते आणि सोबतच्याला लगेच कळतं. तरीही झुकणं थांबत नसेल तर छातीवरून, काखेखालून जाणारा रुंद वेल्क्रोचा पट्टा खुर्चीला लावता येतो. पट्टा एका ओढीत सुटला पाहिजे, गाठ मारायची नाही, आणि खांद्यावरून न्यायचा नाही. थेरपिस्टने एकदा दाखवल्याशिवाय तो बांधू नये.

मग निशाणाचं अंतर. काखेपासून मनगटाच्या रेषेपर्यंत हात मोजा, आणि निशाण त्याच्या साधारण ८० टक्क्यांवर येईल अशी खुर्ची मागेपुढे करा किंवा गेममधलं अंतर बदला. हात ५० सेंटिमीटर भरला तर निशाण ४० वर. कोपर सरळ व्हायला लागलं की दोन-दोन सेंटिमीटर वाढवा. हाताच्या लांबीपलीकडे निशाण ठेवलं तर पाठ सोडण्यावाचून पेशंटला गत्यंतरच उरत नाही. उंचीही छातीच्या खालीच ठेवा. खवाटा नीट फिरत नसताना हात खांद्याच्या वर नेला की खांद्यातले स्नायुबंध चिमटले जातात आणि तिथून सुरू झालेलं दुखणं महिनोन्‌महिने थेरपी अडवतं.

मोजणीसाठी जपाचं काउंटर घ्या, अंगठ्याने दाबायचं. गेमचा स्कोअर गेमला मोजू दे. सोबतच्याने फक्त पाठ टेकलेली असताना झालेली हालचाल मोजायची. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. गेममध्ये १५० आणि काउंटरवर ६० असेल, तर निशाण लांब आहे.

एक सत्र

पहिले दोन दिवस हेडसेट पाचच मिनिटं, मग दहा. मळमळ, घाम किंवा जांभया सुरू झाल्या तर लगेच काढा; सहन करून सवय होत नाही, उलट हेडसेट बघूनच पोटात ढवळायला लागतं. सवय झाल्यावर साधारण असं बसवा: पाच मिनिटं हात टेबलावर सरकवून मोकळा करणं, आठ मिनिटं पोचण्याचा गेम, दोन मिनिटं हेडसेट काढून पाणी, पुन्हा आठ मिनिटं, पुन्हा विश्रांती, मग पाच मिनिटं पकडून सोडण्याचा गेम. दर सहा सेकंदांना एक हालचाल धरली तर एवढ्यात २१० होतात. त्यानंतर १५ मिनिटं खऱ्या वस्तू, दर दहा सेकंदांना एक, म्हणजे आणखी ९०. सगळं मिळून तीनशे, तासाभराच्या आत. आठवड्यातून पाच दिवस.

ही शेवटची १५ मिनिटं गाळायची नाहीत. व्हीआरमधल्या पेल्याला वजन नसतं, तो हातातून निसटत नाही, गार किंवा ओला लागत नाही, आणि बोटं वस्तूच्या आकाराप्रमाणे आधी उघडावी लागत नाहीत. गेममध्ये आडवं पोचायचा सराव झाला असेल तर लगेच रिकामा स्टीलचा पेला एका चटईवरून दुसऱ्या चटईवर ठेवायचा. चिमटीचा झाला असेल तर छोले एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. जमायला लागलं की शेंगदाणे, मग हरभरे. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, दाराची कडी काढणं, लाटणं पुढेमागे करणं, वर्तमानपत्राची घडी घालणं. जी कृती पेशंटला घरात खरोखर करायची आहे ती निवडा. भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं; हाताला अर्थ असलेलं काम देऊन तो सुधारायचा ही त्या शास्त्राची मूळ बैठक आहे, आणि हेडसेट आल्याने ती बदललेली नाही.

अवघडपणा असा ठेवा की दहा प्रयत्नांत सात-आठ जमतील. दहाच्या दहा जमले तर मेंदूला शिकायला काही उरत नाही, चारच जमले तर माणूस मोडतो. काही खास सॉफ्टवेअरमध्ये हात १० सेंटिमीटर हलला तरी पडद्यावर २० दिसतो. फार दुबळ्या हाताला त्याने धीर येतो, पण ही सवलत दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत आणा, नाहीतर हात दहावरच खूश राहतो.

डावीकडचं भान सुटलेलं असेल, म्हणजे ताटातलं डावीकडचं जेवण तसंच राहतं, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो, तर निशाणं आधी उजवीकडे आणि मध्ये ठेवा आणि रोज थोडी डावीकडे सरकवा. आवाज डावीकडून येणारा गेम इथे फार मदत करतो. फक्त नजरेचा अर्धा भाग गेला असेल तर गोष्ट वेगळी: त्या माणसाला उणीव कळते, त्याला मान वळवून शोधायला शिकवायचं. दोन्हींत ‘निशाण दिसलंच नाही’ आणि ‘हात पोचलाच नाही’ यांतला फरक फोनवरच्या दृश्यावरून ओळखता येतो, आणि तो ओळखायलाच हवा. नाहीतर नजरेची चूक हाताच्या नावावर जाते.

सत्र केव्हा थांबवायचं? खांद्याचं दुखणं दहापैकी दोन अंकांनी वाढलं तर. सत्रानंतर पंजा सुजला, लाल किंवा गरम झाला, बोटं हलवताना कळ आली तर दुसऱ्या दिवशी गेम बंद आणि डॉक्टरांना दाखवा. हे खांदा-पंजाच्या दुखण्याचं लक्षण असू शकतं आणि ते लवकर धरलं तरच आटोक्यात राहतं. बोलणं अडखळलं, चेहरा वाकडा झाला, नवीन अशक्तपणा आला तर हेडसेट काढा आणि १०८ ला फोन करा, ‘दमले असतील’ म्हणून वाट बघू नका.

फरक पडतोय का

गेमचा स्कोअर हे हाताचं माप नाही. गेम खेळायची युक्ती कळली की स्कोअर वाढतोच. थेरपिस्टकडे फ्युगल-मायर चाचणी असते, हाताचे एकूण ६६ गुण. साधारण पाच गुण वाढले तर ती खरी सुधारणा धरतात. ‘ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट’ ५७ गुणांची, तिथे सहाच्या आसपास. घरी ठोकळ्यांची चाचणी करता येते: शेजारी शेजारी दोन खोके, मध्ये १५ सेंटिमीटर उंचीची पुठ्ठ्याची भिंत, अडीच सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, एका मिनिटात किती पलीकडे गेले ते मोजायचं. दर दोन आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच खुर्चीत, हेडसेटशिवाय. सोबत बाजूने फोनवर व्हिडिओ काढा, म्हणजे पाठ किती सुटते हे जुन्या व्हिडिओशी ताडून बघता येईल.

दुसरं माप वापराचं. चांगल्या हाताने सगळं उरकायची सवय लागली की सुधारलेला हातही मांडीवर पडून राहतो. दिवसभरात दुबळा हात आपणहून कुठे कुठे वापरला गेला, याची पाच ओळींची नोंद रोज रात्री करा: जेवताना ताट धरलं का, साबण लावला का, पायजम्याची नाडी बांधताना मदत झाली का.

हेडसेट विकत घेण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, आणि हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे तीन गोष्टी लिहून घ्या: खांदा किती उंचीपर्यंत न्यायचा, कोणत्या हालचालीची आवर्तनं हवीत, आणि कोणती हालचाल मोजायची नाही. गेम त्यानंतर निवडा.

चार आठवडे नेटाने करूनही ठोकळ्यांचा आकडा जागचा हलला नाही आणि स्कोअर मात्र चढत असेल, तर आधी व्हिडिओ बघा, पाठ बघा, निशाणाचं अंतर बघा. ते ठीक असेल तर गेम बदला आणि वेळेतला अर्धा भाग हेडसेटकडून काढून खऱ्या वस्तूंना द्या. आणखी दोन आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या, आणि वही घेऊन थेरपिस्टकडे जा.